झाडाची जखम आणि माळ्याची हत्यारे

सप्टेंबर सरता सरता नाशिक जिल्ह्यात द्राक्षाची फळछाटणी सुरू होते. निफाड, दिंडोरी, चांदवडकडच्या बागांत मजुरांच्या टोळ्या मांडवाखाली शिरतात आणि दिवस मावळेपर्यंत कट्‌ कट्‌ असा एकच आवाज येत राहतो. नऊ बाय पाच फुटांवर लावलेल्या बागेत एकरी ९६८ वेली बसतात. वेलीमागे तीस-पस्तीस काड्या धरल्या, तर एका एकराला तीस हजारांच्या आसपास काप द्यावे लागतात. शिवाय प्रत्येक काप मोजलेल्या डोळ्याच्या वर थोडे अंतर ठेवून हवा, काडी चेचायला नको आणि साल फाटायला नको. हे सगळे काम तळहातात मावणाऱ्या एका हत्यारावर होते. बागाईतदारापासून रोजावर आलेल्या मुलापर्यंत सगळे त्याला सिकेटर म्हणतात.

हे हत्यार कुणा लोहाराने किंवा माळ्याने घडवलेले नाही. ते सुचले फ्रान्सच्या एका पदच्युत मंत्र्याला. आंत्वान फ्रांस्वा बेर्त्राँ द मोलव्हिल हा १७४४ साली तुलूझ येथे जन्मलेला उमराव. सोळाव्या लुईच्या अखेरच्या पडत्या काळात, १७९१-९२ मध्ये, तो नौदलमंत्री होता. राज्यक्रांतीने राजाचे मुंडके उडवले, पण मोलव्हिल त्याआधीच इंग्लंडला निसटला होता. लंडनमध्ये बसून त्याने क्रांतीचा इतिहास लिहिला. राजेशाही परतली तसा तोही मायदेशी परतला आणि १८१८ साली पॅरिसमध्ये वारला. आयुष्याच्या त्या शेवटच्या काही वर्षांत, १८१५ च्या सुमारास, त्याने स्प्रिंग लावलेली, एका हाताने चालणारी छाटणीची कात्री तयार केली. त्याचे मंत्रिपद आणि त्याचे ग्रंथ आज इतिहासाच्या अभ्यासकांपुरते उरले आहेत. त्याची कात्री मात्र जगातल्या प्रत्येक द्राक्षबागेत आहे.

त्याआधी युरोपात वेली छाटल्या जात त्या आकडीसारख्या वाकलेल्या सुरीने. ही सुरी फार जुनी. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला रोमन शेतीलेखक कोलुमेला याने आपल्या ग्रंथात तिचे वर्णन करताना एका पात्याचे सहा भाग पाडले आहेत आणि प्रत्येकाला वेगळे नाव दिले आहे. मुठीजवळचा सरळ भाग साध्या सुरीसारखा कापायला, त्यापुढचा बाक ओढून कापायला, त्याखालची धार तासायला, चोचीसारखा आकडा पोकळ जागी खरवडायला, पाठीवरची अर्धचंद्राकृती कुऱ्हाड घाव घालायला आणि पुढचे टोक खुपसून अडचणीतले काढायला. म्हणजे एकाच हत्याराने सहा प्रकारचे काप. असे हत्यार चालवायला वर्षानुवर्षांचा हात लागतो. सिकेटरने ती अट काढून टाकली. कोणीही दाबावे आणि फांदी तुटावी. म्हणूनच जुन्या वेलकऱ्यांना ते आवडले नाही. सुरी कापते, कात्री चेचते, असा त्यांचा आक्षेप होता, आणि तो निव्वळ परंपरेचा हट्ट नव्हता. चेचल्याने झाडाला नेमके काय होते हे कळायला मात्र विसावे शतक निम्म्याहून अधिक उलटावे लागले.

ते कळले ॲलेक्स शिगो या अमेरिकन माणसामुळे. शिगो अमेरिकेच्या वनखात्यात झाडांच्या रोगांचा अभ्यासक होता आणि न्यू हॅम्पशायर राज्यातल्या डरहॅम येथे काम करत असे. १९५९ मध्ये तो नोकरीला लागला, तोवर एका माणसाला उचलता येईल अशी यांत्रिक करवत बाजारात आलेली होती. त्याआधीचे अभ्यासक झाड आडवे कापून त्याच्या चकत्या तपासत. शिगोने खोड उभे चिरायला सुरुवात केली. हजारो झाडे त्याने अशी चिरली, आणि जुन्या जखमेपासून कुज वर-खाली किती आणि कशी पसरते हे लाकडातच लिहिलेले त्याला दिसले. या कामातून १९७०च्या दशकात त्याने जो सिद्धान्त मांडला तो आज वृक्षशास्त्राच्या पायाशी आहे.

सिद्धान्त असा की झाडाची जखम भरून येत नाही. आपले बोट कापले की तिथल्या पेशी नव्या होतात आणि महिन्याभराने खूणही उरत नाही. झाडाला हे जमत नाही. एकदा जखमी झालेले लाकूड कायम जखमीच राहते. झाड त्या भागाभोवती भिंती उभारून त्याला कोंडून टाकते आणि त्याच्यावर नवे लाकूड घालत जाते. शिगोने अशा चार भिंती सांगितल्या. पहिली उभ्या दिशेची, रसवाहिन्यांना बूच मारून केलेली, आणि ती सर्वांत कच्ची. दुसरी आतल्या गाभ्याकडे जाणारी कुज अडवते, तिसरी बाजूंनी पसरणारी. चौथी भिंत जखम झाल्यानंतर सालीखालचा जिवंत थर नव्याने बांधतो आणि ती सर्वांत पक्की असते. जुनी झाडे आतून पोखरलेली असूनही वर्षानुवर्षे हिरवीगार उभी राहतात ती या चौथ्या भिंतीच्या जोरावर.

एवढे लक्षात घेतले की हत्याराच्या निवडीकडे पाहण्याची नजर बदलते. फांदी तर कशानेही तुटते, कोयत्याने, हाताने, वाऱ्यानेसुद्धा. हत्याराची पारख करायची ती मागे राहिलेल्या जखमेवरून. जखम लहान, कडा स्वच्छ आणि जागा योग्य असेल तर झाड ती लवकर कोंडते. फांदी पडताना सालीची पट्टी सोलत खाली गेली, तर जिथे झाडाची भिंत सर्वांत कच्ची आहे त्या उभ्या दिशेलाच आपण दार उघडून दिलेले असते. पावसाळ्याच्या तोंडावर रस्त्याकडेच्या गुलमोहरांवर आणि रेनट्रींवर अशा सोललेल्या जखमा कुठल्याही शहरात पाहायला मिळतात, आणि तीन-चार पावसाळ्यांनी तेच झाड उन्मळले की दोष वाऱ्याला दिला जातो.

आता सिकेटर जवळून पाहू. बाजारात त्याचे दोन प्रकार मिळतात, आणि दुकानदार बहुधा ते एकाच पेटीत एकत्र टाकून ठेवतो. पहिल्यात एक धारदार, बाहेरच्या अंगाने फुगीर पाते असते आणि त्याच्यासमोर बिनधारेचा वाकडा आकडा. पाते आकड्याला घासून पलीकडे जाते, म्हणून याला बायपास म्हणतात. दुसऱ्यात पाते सरळ असते आणि ते समोरच्या सपाट, मऊ धातूच्या किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीवर आदळते, सुरी पाटावर आपटावी तसे. हा ऐरणीचा प्रकार, इंग्रजी नावाने अॅन्व्हिल. यात फांदी पाते आणि पट्टी यांच्यामध्ये दोन्हीकडून दाबली जाते. हिरव्या, रसदार काडीचा कापाजवळचा भाग त्यात चपटा होतो, साल लाकडापासून सुटते आणि तो भाग पुढे वाळून काळा पडतो. फ्रेंच वेलकऱ्यांचा आक्षेप या प्रकाराला पुरेपूर लागू पडतो. वाळक्या, टणक फांद्यांसाठी मात्र ऐरण उत्तम, कारण मेलेल्या लाकडाला चेचण्याचे भय नाही आणि सपाट पट्टीमुळे फांदी निसटत नाही. बायपासमध्ये वाळके निबर लाकूड घातले तर पाते बाजूला सरकू पाहते आणि काही दिवसांत पाते आणि आकडा यांच्यात फट पडते.

माझ्या मते घरी एकच सिकेटर ठेवायचे असेल तर ते बायपासच ठेवावे. फक्त ते धरायची एक पद्धत आहे आणि ती बहुतेकांना कोणी सांगितलेली नसते. बायपासच्या आकड्याचा रगडा फांदीवर उमटतोच. म्हणून आकडा नेहमी टाकून द्यायच्या तुकड्याकडे असावा आणि धारेचे पाते झाडावर राहणाऱ्या भागाकडे. मग चेचलेला भाग तुकड्याबरोबर खाली पडतो आणि झाडावर स्वच्छ काप राहतो. सिकेटर उलटे धरले तर तोच रगडा झाडावर राहतो. डावखुऱ्या माणसाला उजव्या हाताचे सिकेटर दिले की नेमका हाच घोळ होतो. पाते चुकीच्या अंगाला येते आणि काप कुठे बसतोय तेही नीट दिसत नाही. स्वित्झर्लंडच्या फेल्को कंपनीने डावखुऱ्यांसाठी वेगळी मॉडेल्स काढली आहेत. आपल्याकडे मात्र डावखुरा मजूर निमूटपणे उजवे सिकेटर चालवत राहतो.

फेल्कोचे नाव निघाले आहे तर थोडे सांगायला हवे. फेलिक्स फ्लिश याने १९४५ मध्ये न्यूशातेल प्रांतातल्या ले जनव्हे-स्युर-कोफ्रान या गावी ही कंपनी सुरू केली. हा सगळा टापू घड्याळांच्या कारागिरीचा, आणि त्या कारागिरीची शिस्त या सिकेटरमध्ये उतरलेली दिसते. पाते, आकडा, स्प्रिंग, बोल्ट, रबराचा धक्का झेलणारा तुकडा, प्रत्येक भाग सुटा मिळतो आणि पान्याने बदलता येतो. लाल मुठीही विचार करून दिलेल्या आहेत. गवतात किंवा पाचोळ्यात पडलेले हिरव्या मुठीचे सिकेटर शोधायला निघालेल्या माणसाला त्या लाल रंगाचे मोल कळते. त्याची किंमत काही हजारांत जाते. लुधियानाच्या फाल्कनसारख्या भारतीय कंपन्यांची सिकेटरे त्याच्या कितीतरी कमी किमतीत मिळतात आणि घरच्या बागेला ती पुरतात. रोज दिवसभर छाटणी करणाऱ्याने मात्र महागाचा विचार जरूर करावा, कारण तिथे प्रश्न मनगटाचा असतो. मूठ हाताच्या मानाने मोठी असेल, स्प्रिंग फार ताठ असेल, तर हजारो कापांनंतर बोटे वळेनाशी होतात. लहान हाताच्या बायकांना बाजारातले मोठे सिकेटर देऊन त्यांच्याकडून पुरुषाइतकी ओळ मागणे हा बागांमधला एक नित्याचा अन्याय आहे.

दुकानात सिकेटर घेताना दोन गोष्टी तपासाव्यात. ते मिटून उजेडासमोर धरावे. पाते आणि आकडा यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली तर ते ठेवून द्यावे. मग वर्तमानपत्राच्या कागदाची पट्टी पात्याच्या अगदी टोकाने कापून पाहावी. चांगले सिकेटर टोकालाही कागद स्वच्छ कापते. हलके सिकेटर कागदाला घडी घालून गिळते, आणि कोवळ्या गुलाबकाडीलाही तसेच गिळणार असते. पत्र्यातून ठोकून काढलेले पाते चकचकीत दिसते, पण पहिल्या निबर फांदीला ते वाकते. गरम ठोकून घडवलेले, म्हणजे फोर्ज्ड, पाते धार धरून ठेवते. कार्बनी पोलादाला धार उत्तम येते, पण कोकणातल्या पावसाळी हवेत त्यावर एका रात्रीत गंज चढतो. स्टेनलेस गंजत नाही, मात्र धार लवकर उतरते. कोणते घ्यायचे ते तुम्ही किती पुसता यावर ठरवावे.

सिकेटरची मर्यादा साधारण बोटाच्या जाडीची, २० ते २५ मिलिमीटर. ती ओलांडायचा मोह सगळ्यांना होतो. यामागचे गणित साधे आहे. १० मिलिमीटर जाडीच्या काडीचे कापायचे क्षेत्र सुमारे ७८ चौरस मिलिमीटर. २० मिलिमीटरच्या फांदीचे ३१४, म्हणजे जाडी दुप्पट झाली की काम चौपट. २५ मिलिमीटरला ते ४९० वर जाते. तेव्हा माणूस दोन्ही हातांनी दाबतो, मग सिकेटर डावी-उजवीकडे हलवून फांदी पिळवटतो. तेवढ्यात पिळवटते ते पाते. बोल्ट सैल होतो आणि मघाशी सांगितलेली उजेडाची रेघ तयार होते.

अशा फांदीसाठी लॉपर असतो. पाते तसेच, पण मुठी दोन-अडीच फूट लांब. इथे तरफेचा नियम काम करतो. फांदी बोल्टपासून ४ सेंटिमीटरवर आणि हात ६० सेंटिमीटरवर असला, तर हाताचा जोर पंधरापट होऊन पात्यावर येतो. साध्या सिकेटरमध्ये तो जेमतेम चौपट असतो. म्हणून फांदी पात्याच्या टोकाशी न धरता खोल, बोल्टजवळ घ्यावी. चांगल्या लॉपरने दीड इंचापर्यंतची फांदी एका दमात तुटते. डाळिंब, पेरू, लिंबू अशा दाट, काटेरी किंवा झुडपी झाडांत तो विशेष उपयोगी पडतो, कारण हात आत घालावा लागत नाही. पण लॉपरलाही जखमेचा हिशेब लागू आहे. त्याचे जाड पाते खोडाच्या बगलेत पूर्ण शिरत नाही आणि मागे बोटभर खुंटी उरते. ती वाळते, कुजते आणि झाडाला तिच्यावर साल चढवता येत नाही. बगलेतल्या कापासाठी आरीच चांगली.

आरीच्या बाबतीत जपानने जगाला जे दिले ते वापरल्याशिवाय पटत नाही. सुताराची नेहमीची करवत पुढे ढकलताना कापते. ढकलताना पाते वाकू नये म्हणून ते जाड ठेवावे लागते, आणि जाड पाते म्हणजे रुंद चीर आणि जास्त मेहनत. जपानी आरी ओढताना कापते. ओढलेले पाते ताणलेले असते, ते वाकत नाही, म्हणून ते पातळ करता येते. चीर अरुंद होते, भुसा कमी पडतो आणि झाडावर चढून एका हाताने कापणाऱ्याला ओढणे हे ढकलण्यापेक्षा सोपे जाते. ह्योगो प्रांतातली मिकी आणि ओनो ही शहरे या कामासाठी प्रसिद्ध आहेत. छाटणीच्या आऱ्यांत नाव कमावलेली सिल्की ओनोचीच. अशा आरीचे दात तीन बाजूंनी घासलेले असतात. नुसत्या दातांची टोके क्षणभर तापवून कडक केलेली असतात आणि पात्याचे अंग मात्र लवचीक राहते. कडक केलेल्या दातांची टोके काळपट-निळी दिसतात. अशा दातांना कानशीने धार लावता येत नाही, कारण कानसच घासून जाते. धार गेली की पाते बदलायचे. कंजूष माणसाला हे खटकते, पण ती धार इतके दिवस टिकते की तक्रार राहत नाही.

घडी घालून खिशात बसणारी सहा-सात इंचांची आरी घरच्या बागेला पुरते. पात्याची लांबी फांदीच्या जाडीच्या दुप्पट तरी असावी, नाहीतर दात भुसा बाहेर टाकू शकत नाहीत आणि आरी अडकते. हिरव्या लाकडाला मोठे, विरळ दात हवेत. वाळक्याला बारीक, दाट.

फांदी मनगटाएवढी झाली की तिचे वजन हे हत्यारापेक्षा मोठे प्रकरण होते. वरून कापायला घेतली की अर्ध्यात ती आपल्या भाराने मोडते आणि मोडताना खोडाची साल सोलत नेते. यावरची जगभर शिकवली जाणारी रीत तीन कापांची. खोडापासून फूटभर अंतरावर आधी खालून पाव-तिसरा भाग काप द्यायचा. मग त्याच्या थोडे पुढे वरून कापायचे. फांदी पडते, साल खालच्या कापाशी येऊन थांबते. राहिलेला फूटभर तुकडा हलका असतो, तो शेवटच्या कापाने काढायचा. हा शेवटचा काप कुठे द्यायचा हे शिगोने नेमके सांगितले. फांदी जिथे खोडातून निघते तिथे पायथ्याशी एक फुगीर कडे असते. आंबा, कडुलिंब, बहावा, कुठलेही झाड पाहा, ते दिसेल. या कड्यातले लाकूड खोडाचे असते, फांदीचे नव्हे, आणि झाडाची भिंत तिथेच उभी राहते. काप त्या कड्याच्या अगदी बाहेर हवा. खोडाला घासून सपाट कापले तर कडे जाते आणि जखम खोडाची होते. पूर्वी युरोपात आणि अमेरिकेत सपाट कापच योग्य मानला जाई, पाठ्यपुस्तकांत तोच शिकवला जाई. आपल्याकडे रंगकाम करणारे जशी भिंत गुळगुळीत करून देतात तसे खोड गुळगुळीत करून देणारे माळी अजून आहेत.

कोयत्याचे काय, असे कोकणातला वाचक विचारेलच. कमरेच्या आकडीत कोयता अडकवलेला गडी हे तिथले नित्याचे दृश्य. माडाच्या झावळ्या, केळीचे सोपट, कुंपणाची काटेरी झुडपे यांना कोयत्यासारखे हत्यार नाही, आणि कसलेल्या हाताचा तिरपा घाव कधी कधी सिकेटरपेक्षा स्वच्छ असतो. पण आंब्याच्या जिवंत फांदीला दोन-चार घाव घालून ती ओढून मोडली की मागे जे राहते ते आधीच्या परिच्छेदात आले आहे. आंब्यावर वाढणाऱ्या बांडगुळासाठी तर कोयता अगदी कुचकामी. बांडगूळ उपटले तरी त्याची शोषक मुळे फांदीच्या लाकडात शिरलेली असतात आणि ते पुन्हा फुटते. ते जिथे चिकटले आहे त्याच्या बरेच खाली, आंब्याची फांदीच कापावी लागते. ती उंचावर असते, म्हणून लांब दांडीची आरी लागते. दांडी ॲल्युमिनियमची असेल तर आधी मान वर करून विजेची तार कुठून गेली आहे ते पाहायचे. फायबरची दांडीही ओली असली तर भरवशाची नाही. शहरात राहत असाल तर आणखी एक गोष्ट. महाराष्ट्राच्या नागरी भागातल्या झाडांना १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्याचे कवच आहे आणि सोसायटीच्या आवारातल्या मोठ्या झाडावर आरी चालवण्याआधी पालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करावा लागतो.

कुंपण कापायच्या लांब कात्रीबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. मेंदी, डुरांटाचे कोवळे शेंडे एवढेच तिचे काम. तिने फांद्या तोडू नयेत.

कापल्यावर जखमेला काही लावायचे का? या प्रश्नाचा इतिहास मोठा गमतीचा आहे. विल्यम फोर्सिथ हा इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्ज राजाचा केन्सिंग्टनचा माळी. त्याने झाडांच्या जखमांसाठी एक लेप शोधल्याचा दावा केला. लेपात गाईचे शेण, जुन्या इमारतीचा चुना, लाकडाची राख आणि वाळू. पोकळ झालेले ओक या लेपाने पुन्हा भरीव होतात असे त्याचे म्हणणे होते, आणि ओक म्हणजे तेव्हा आरमाराची जहाजे. फ्रान्सशी युद्धाचे सावट असताना सरकारने शेणाच्या या लेपाची पाककृती जाहीर करण्यासाठी फोर्सिथला सरकारी तिजोरीतून बक्षीस दिले. टॉमस अँड्र्यू नाइट या बागायतशास्त्रज्ञाने दावा खोटा असल्याचे जाहीरपणे म्हटले आणि मोठा वाद झाला. फोर्सिथिया या पिवळ्या फुलांच्या झुडपाला त्याचे नाव राहिले, लेप विस्मृतीत गेला. पुढे डांबर, रंग, मेण असे अनेक लेप आले. शिगोने उभी चिरलेली खोडे तपासून सांगितले की यातला कुठलाही लेप कुज थांबवत नाही. भिंत झाडच बांधते, आणि लेपाखाली ओल कोंडली तर बुरशीचीच सोय होते.

मग आपले शेतकरी बोर्डो पेस्ट लावतात ते चूक का? नाही. तिचे काम वेगळे आहे. ती जखम भरण्यासाठी नसून ताज्या कापातून बुरशी आणि जिवाणू शिरू नयेत यासाठी असते, आणि दमट हवेत, पावसाच्या उघडिपीत केलेल्या छाटणीला तिचा उपयोग होतो. बोर्डोचे बुरशीनाशक गुण फ्रान्समधल्या बोर्दो येथे प्येर मारी अलेक्सी मियार्दे याने १८८०च्या दशकात दाखवून दिले. म्हणजे फ्रेंच द्राक्षबागांनी नाशिकला सिकेटर तर दिलेच, औषधही दिले. दहा टक्के पेस्टसाठी एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवून मग एकत्र करायचे, भांडे प्लॅस्टिकचे किंवा मातीचे, लोखंडाचे कदापि नको. पेस्ट जमली का याची परीक्षा शेतकरी लोखंडी विळा बुडवून घेतात. विळ्याच्या पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचुदातले तांबे अजून मोकळे आहे, चुना कमी पडला आहे. पाते स्वच्छ निघाले तर पेस्ट वापरायला तयार. रसायनशास्त्राची पाटी न पाहिलेला माणूस हा प्रयोग बिनचूक करतो.

इतक्या नेमकेपणाने कापायलाच हवे का, अशी शंका घेणाराही एक पुरावा आहे आणि तो लपवू नये. गुलाबाची काडी बाहेर तोंड करून असलेल्या डोळ्याच्या वर पाव इंच, तिरकी कापावी, असे प्रत्येक पुस्तक सांगते. इंग्लंडमधल्या सेंट ऑल्बन्स येथे तिथल्या गुलाब संस्थेने १९९०च्या दशकात चाचणी घेतली. काही झुडपे नियमाने छाटली, काही विजेवर चालणाऱ्या कुंपणाच्या कात्रीने सरसकट कापली. सरसकट कापलेले गुलाब फुलण्यात मागे पडले नाहीत. गुलाबासारखे दरवर्षी बुंध्यातून नवे फुटवे देणारे झुडूप हे सोसते. चाळीस वर्षे एकाच खोडावर जगणारा हापूस ते सोसत नाही. त्याची प्रत्येक मोठी जखम त्याच्या आत कायमची कोंडलेली राहते.

हत्यार निवडून झाले, काप नीट बसला, तरी एक धोका उरतो. सिकेटर एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाते. सोलापूर-सांगोल्याकडे डाळिंबाच्या बागा ज्या तेल्या रोगाने उद्ध्वस्त केल्या तो झँथोमोनास गटातल्या जिवाणूचा रोग, आणि तो छाटणीच्या हत्यारावरून पसरतो. म्हणून तिथे प्रत्येक झाडानंतर सिकेटर सोडियम हायपोक्लोराइटच्या पातळ द्रावणात बुडवायला सांगतात. संत्री-मोसंबीत याहून विचित्र प्रकार आहे. एक्सोकॉर्टिस नावाच्या रोगात काही खुंटांची साल तडकून सोलपटते आणि झाड खुरटते. याचे कारण ना बुरशी, ना जिवाणू, ना विषाणू. ते आहे व्हायरॉइड, म्हणजे केवळ आरएनएचा सुमारे ३७१ दुव्यांचा एक वेटोळा धागा, ज्याला विषाणूसारखे प्रथिनाचे कवचही नाही. असे काही अस्तित्वात असू शकते हे १९७१ मध्ये अमेरिकेतल्या थिओडोर डीनर याने बटाट्याच्या एका रोगावर काम करताना दाखवले. हा धागा कलम बांधायच्या चाकूवर आणि सिकेटरच्या पात्यावर वाळलेल्या रसातही टिकून राहतो. स्पिरिटने पुसून किंवा पाते ज्योतीवर धरून तो भरवशाने जात नाही. ब्लीचच्या द्रावणात मात्र तो नष्ट होतो.

आणि ब्लीच पोलादाला खाते. सकाळी बुडवलेले पाते तसेच ठेवले तर संध्याकाळी त्यावर तपकिरी ठिपके दिसतात. म्हणून द्रावणातून काढल्यावर ते साध्या पाण्यात खळबळायचे आणि काम संपल्यावर पुसून तेलाचे बोट फिरवायचे. चिकू, फणस, अंजिराचा चीक बोल्टापाशी साचून घट्ट झाला असेल तर आधी रॉकेलच्या बोळ्याने तो काढायचा. धार लावायची ती पात्याच्या बाहेरच्या उतरत्या अंगालाच. आतली सपाट बाजू घासली तर पुन्हा ती फट. मोठ्या बागेत प्रत्येक छाटणाऱ्याला दोन सिकेटरे दिली तर काम अडत नाही. एक द्रावणात भिजत असते, तेव्हा दुसरे चालत असते.